पिझ्झा सोडून बोला : इटलीतल्या घरी रोज काय शिजतं?

ओसरीवरची

गेल्या महिन्यात मावसभाऊ पुण्याहून आला होता. "तायडे, हॉटेलात नको नेऊस, इथली माणसं घरी खातात तसलं काहीतरी कर," म्हणाला. मी पास्ता ए फाजोली (घेवड्याच्या दाट सुपातला पास्ता) केली. त्याने वाडग्यात चमचा फिरवून बघितला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "ह्या चकोल्याच आहेत की गं. तूप तेवढं राहिलं."

तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे. आपल्याकडे इटालियन म्हटलं की व्हाइट सॉस, रेड सॉस आणि ओरेगॅनोच्या पुड्या. बोलोन्यात सहा वर्षं काढली, पण व्हाइट सॉसमधला पास्ता एकाही घरात वाढलेला पाहिला नाही. बेशामेल (दूध-लोणी-मैद्याचा पांढरा सॉस) आहे, पण तो लझान्याच्या थरांत.

मला जे काही येतं ते घरमालकिणीमुळे. वय ऐंशीच्या पुढे, ती पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. सुरुवातीचे सहा महिने ती मला अहो-जाहो करायची, मी तिला. मग एकदा जिन्यात म्हणाली, "आता पुरे, तू म्हण." त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. इथे तिला नुसतं सिन्योरा म्हणू.

रविवारी सकाळी साडेआठला खालून टकटक सुरू होते. हातात मेझ्झालूना, म्हणजे दोन मुठींचं अर्धचंद्रासारखं पातं. आपल्या विळीची लांबची बहीणच. कांदा, गाजर आणि सेलरी त्याने इतकी बारीक होतात की तिन्ही वेगळी ओळखू येत नाहीत. हे सोफ्रीत्तो. पातेल्यात आधी पान्चेत्ता (डुकराच्या पोटाकडचं खारवलेलं मांस) विरघळवायची आणि तिच्या चरबीत हे मंद आचेवर परतायचं. इथेच माझी पहिली चूक झाली. आपल्याला सवय कांदा लाल करायची. मी आच वाढवली तर तिने काही न बोलता माझ्या हातातून कालथा काढून घेतला. कांदा लाल झाला की सगळं कडवट, फेकून दे, परत कर. मग जाडसर खिमा, तो तडतडायला लागेपर्यंत. अर्धा पेला वाइन, ती उडून गेली की थोडा टोमॅटोचा अर्क आणि सूप. झाकण अर्धवट, दोन-तीन तास. लसूण नाही, बेसिल नाही, ओरेगॅनो तर नाहीच. हा रागू. टोमॅटोच्या रश्श्यात बुडालेला खिमा नव्हे, खिम्याला जेमतेम लागलेला टोमॅटो.

आणि 'स्पॅगेटी बोलोनेझ' बोलोन्यात नाही. रागू जातो ताल्यातेल्लेवर, म्हणजे अंडं घातलेल्या चपट्या पट्ट्यांवर. ह्या शहराचा पट्ट्यांवर इतका जीव, की १९७२ साली त्यांची रुंदी व्यापारी मंडळात रीतसर नोंदवली : शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. नमुन्यादाखल सोन्याची पट्टी तिथे जपून ठेवलीय. रागूची कृतीही १९८२ ला नोंदली आणि २०२३ ला सुधारून परत नोंदली. सिन्योराला मी हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांच्या घरी आई नव्हती त्यांना कागद लागतो."

पोळपाट-लाटण्याचं प्रकरण सविस्तर सांगते, कारण लाटण्यावर आपला हक्क आहे असं मला वाटायचं. इथलं लाटणं हातभर नाही, जवळजवळ मीटरभर. त्याला मात्तारेल्लो म्हणतात. पाट लाकडी, टेबलाएवढा. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं मळायचं, वाडग्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. मग लाटायचं, पण आपल्यासारखं फिरवून नाही. पोळीचा जवळचा काठ पाटाच्या कडेवरून खाली लोंबू द्यायचा, पोटाने कडेशी हलकेच दाबून धरायचा, आणि लांबचा काठ लाटण्यावर गुंडाळून पुढे ढकलत, तळवे मध्यापासून बाहेर सरकवत ताणायचं. सिन्योराच्या एप्रनला बरोबर त्या उंचीवर पिठाची आडवी रेघ असते. पोळी उजेडात धरली की पलीकडची सान लूकाची टेकडी दिसायला हवी, असं इथे म्हणतात. माझ्या पोळीतून पहिली दोन वर्षं काही दिसलं नाही, नंतर भोकातून दिसलं.

पट्ट्या कापून उरलेल्या वाकड्यातिकड्या कडा म्हणजे माल्ताल्याती, शब्दशः 'वाईट कापलेले'. त्या फेकत नाहीत. बोर्लोत्ती घेवडा रात्रभर भिजवून, सेज किंवा रोझमेरीची काडी घालून शिजवायचा, अर्धा घोटायचा, पार्मिजानो चीजची वाळकी साल त्यातच उकळायची आणि ह्या कडा वरून सोडायच्या. वाढताना कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड. माझ्या भावाच्या चकोल्या त्या ह्या.

रोजच्या रीती भराभर सांगते. सकाळी गोडच : दूध-कॉफीत बुडवून बिस्किटं नाहीतर टोस्टवर जॅम, तिखटमीठ काही नाही. दुपारी एकला जेवण, रात्री आठला. पहिला पदार्थ (पास्ता, भात, सूप) आणि दुसरा (मांस, मासे, अंडी, चीज) एका ताटात येत नाहीत. पण रोज दोन्ही करतं कोण? दुपारी पहिला, रात्री दुसरा आणि भाजी, संपलं. पाव थेट टेबलक्लॉथवर ठेवतात, उलटा ठेवला तर अपशकुन. रागूचा थेंब राहिला तर पावाने पुसून घ्यायचा, त्याला स्कार्पेत्ता म्हणजे 'छोटा बूट' म्हणतात. बाहेर करताना लाजतात, घरी नाही केला तर करणारीला वाईट वाटतं. शेवटी फळ, तेही टेबलावरच सुरीने सोलून. सिन्योरा संत्र्याची साल एका सलग पट्टीत काढते आणि मग माझ्याकडे बघते. जेवणानंतर कॉफी काळी. दूध घातलेली मागितलीत तर मिळेल, पण "बरं नाही का वाटत?" असं विचारतील.

इटलीत राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी भर घाला. हॉटेलांची नावं नकोत, घरातलं सांगा.

खादाड_खंडू

फोटोशिवाय पाकृ फाऊल मानण्यात येईल. बाकी "ज्यांच्या घरी आई नव्हती" ला दंडवत.

बारामतीकर

मस्त धागा, ताई. माझे चार शब्द तोस्कानातून. बारामतीच्या स्कूटर कारखान्यातून दोन वर्षांसाठी पोंतेदेराला आलो होतो, मुक्काम वाढत वाढत पाच वर्षं झाली.

इथला पाव अळणी. अक्षरशः मीठ नाही. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये वाटलं बेकरीवाला विसरला. तिसऱ्या दिवशी कळलं की हे शतकानुशतकं 'विसरतायत'. पण सोबतचं हॅम आणि चीज एवढं खारट असतं की पाव अळणीच बरा. शिळा झाला की त्याचं काय काय करतात बघा : उन्हाळ्यात भिजवून पिळून टोमॅटो-कांदा-काकडीत कालवला की पान्झानेल्ला, टोमॅटोत शिजवला की पाप्पा अल पोमोदोरो, काळ्या कोबीच्या पानांच्या आणि घेवड्याच्या सुपात घालून दुसऱ्या दिवशी परत उकळला की रिबोल्लीता. नावाचा अर्थच 'परत उकळलेली'. आमच्या आईची शिळ्या पोळीचा कुस्करा करायची रीत आणि ही रीत, दोघींची गाठ घालून द्यायला हवी होती.

आता खरी गंमत. लिव्होर्नो, पिसा ह्या भागात बेसन खातात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. पातळ भिजवून काही तास ठेवतात, मोठ्या गोल तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून मिरपूड. बाहेरून खरपूस, आतून आपल्या वडीसारखं मऊ. पिसाकडे चेचीना, लिव्होर्नोत नुसतं तोर्ता, जेनोव्हाकडे फारिनाता. लिव्होर्नोत ते पावात घालून देतात, नाव 'पाच आणि पाच' : पूर्वी पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांचं तोर्ता मागायचे म्हणून. बेसन आणि पाव! मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा खिशात लसणाची कोरडी चटणी असती तर सोनं झालं असतं. (पुढच्या सुट्टीनंतर असते. स्थानिक सहकाऱ्यांनी नाक मुरडलं, मग डबीच रिकामी केली.)

दुसरी गोष्ट खपलीची. लुक्काच्या वर गार्फान्यानाच्या डोंगरात फार्रो पिकतं, घेवडा घालून त्याचं दाट सूप करतात. दुकानात पुडी हातात घेतली तर दाणा ओळखीचा वाटला. शास्त्रीय नाव बघितलं : ट्रिटिकम डायकोकम. म्हणजे आमचा खपली गहू! सांगली-साताऱ्याकडे खीर करतात तोच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग गूळ घालून खीर कर, सूप कशाला?"

शाकाहारी_नाशिककर

वाचायला छान आहे, पण जूनमध्ये आईबाबांना घेऊन रोम आणि फ्लोरेन्सला जातोय. दोघेही अंडंसुद्धा खात नाहीत. वरचं सगळं वाचून आता धडकी भरली. नक्की काय खायचं?

ओसरीवरची

@शाकाहारी_नाशिककर, घाबरू नका, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका.

पहिलं चीजचं. पार्मिजानो वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, इथे त्याला काल्यो म्हणतात. ग्राना पादानोचंही तसंच, पेकोरिनो रोमानोला कोकराच्या पोटातलं. आईबाबांना चालणार नसेल तर "सेन्झा फोर्माज्जो" (चीज नको) एवढं पाठ करा. पेस्तोतही (बेसिलच्या चटणीत) ते असतंच.

दुसरं, 'भाजीचं' म्हणजे शाकाहारी असं इथे समीकरण नाही. सूप मांसाच्या पाण्यात असू शकतं, घेवड्यात पान्चेत्ता असू शकते. रोममध्ये भोपळ्याच्या फुलांची भजी दिसतील आणि तुम्ही हरखून जाल. थांबा. आत मोझ्झारेल्लासोबत खारवलेली मासळी असते. पियादीना नावाची पोळी मिळते, अगदी आपल्या जाड पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराच्या चरबीचं मोहन. तेलाची मागा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

अंडं नको तर ताजा पास्ता टाळा, सुका मागा. इटलीत १९६७ पासून कायद्याने सुका पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. निर्धास्त खाण्यासारखं : स्पॅगेटी टोमॅटो-बेसिलची, आल्यो-ओल्यो (लसूण-तेलातली), मारिनारा पिझ्झा (ह्यावर चीज नसतंच), मिनरलवालं पाणी आणि बाजारातली फळं. बाजारात फळांना आपण हात लावायचा नाही, विक्रेता उचलून देतो. माझ्या आईने पहिल्याच दिवशी टोमॅटो दाबून बघितला आणि जे ऐकून घेतलं ते सुदैवाने तिला कळलं नाही.

कल्याणची_सून

मी विरोधी पक्षात बसते. मिलानला आठ महिने होते, नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे. शेजारणींनी प्रेमाने बोलावलं, पण चव कुठे असते ह्यात? मीठ, तेल, झालं. लसूणही म्हणे पाकळी ठेचून तेलात टाकायची आणि वास आला की काढून टाकायची! काढून?? मी तर ताटात शोधत होते.

नेपोलीचा_जावई

@कल्याणची_सून, मिलानमध्ये राहिलात ह्यात तुमचा दोष नाही.

हलके घ्या उत्तरवाले. :) बायको दक्षिणेची, सासुरवाडी सालेर्नोजवळ, सान मार्झानो टोमॅटोच्या पट्ट्यात. लसणाचं म्हणाल तर आमच्याकडेही बऱ्याचदा काढतातच. तेलाला वास लागला, काम झालं. हिंग कुठे दिसतो आपल्याला वरणात? आणि तिखट हवं तर कलाब्रियात जा, तिथे न्दुया नावाचा डुकराच्या मांसाचा आणि मिरचीचा लाल लगदा पावाला फासून खातात.

मला सांगायचंय ते बाटल्यांबद्दल. लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये सासरे म्हणाले, उद्या बाटल्या करायच्यात. मला वाटलं वाइन. मी खुशीत झोपलो. पहाटे साडेचारला उठवलं.

अंगणात चादरींवर टोमॅटो पसरलेले, दोन-तीन दिवस पिकायला. दोन घरांचे मिळून अडीचशे किलो. काका, मामा, त्यांची पोरं, शेजारी, सगळे जुन्या कपड्यांत. टबात धुवायचे, डाग असलेला भाग काढायचा, मोठ्या पातेल्यात जरा मऊ करून घ्यायचे. मग यंत्र : वरून टोमॅटो टाकले की एकीकडून रस, दुसरीकडून सालं नि बिया. सालं फेकायची नाहीत, पुन्हा एकदा यंत्रातून काढायची, अजून रस निघतो. ह्या मुद्द्यावर सासूबाई आणि त्यांची जाऊ ह्यांच्यात दरवर्षी भांडण होतं. दोनदा की तीनदा.

बाटल्या बिअरच्या, वर्षभर जमवलेल्या. प्रत्येकीत आधी बेसिलचं एक पान. ते काम लहान मुलांचं. मग रस, मग बुचाचं यंत्र. तेलाच्या जुन्या पिंपात तळाला पोती, त्यावर बाटल्या आडव्या, प्रत्येक थरात फाटकी धोतरं (बरं, चादरी) कोंबायच्या म्हणजे एकमेकींवर आपटत नाहीत. वर पाणी, खाली लाकडं. उकळी आली की बराच वेळ तशीच ठेवायची आणि मग हात लावायचा नाही, रात्रभर पिंपातच गार होऊ द्यायच्या. मी उत्साहाने माझ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या. दुपारी पिंपातून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या वर्षी मला बेसिलच्या पानावर बसवलं, पोरांच्या रांगेत.

आजेसासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी सकाळी बायकोला बाजूला घेऊन हळूच काही विचारलं. नंतर कळलं : पाळी चालू असलेल्या बाईने रसाला हात लावला तर बाटल्या खराब होतात, अशी तिथली जुनी समजूत. मी हसलो, मग गप्प बसलो. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला अडीच महिने हेच नियम असायचे.

त्या दिवशी दुपारी अंगणातच लांब टेबल लावून स्पॅगेटी, त्याच रसातली. तोवर दोन वाजलेले. मीठ, तेल, बेसिल, एवढंच. @कल्याणची_सून, चव कुठे असते ते त्या टेबलावर दाखवलं असतं.

चिकित्सक_चिंतू

कुणी मार्को पोलोला आणायच्या आत सांगून ठेवतो. पास्ता त्याने चीनमधून आणला ही भाकडकथा आहे. तो परतला १२९५ ला. त्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षं आधी, ११५४ मध्ये, सिसिलीच्या राजाच्या पदरी असलेल्या अल-इद्रिसी ह्या अरब भूगोलकाराने पालेर्मोजवळच्या त्राबियात 'इत्रिया' बनते आणि जहाजं भरभरून बाहेर जाते असं लिहून ठेवलंय. इत्रिया म्हणजे पिठाच्या सुक्या शेवया.

टोमॅटोचं म्हणाल तर तो अमेरिकेतून आला, म्हणजे ह्या थोर प्राचीन परंपरेतला लाल रंग आपल्या मिरचीइतकाच 'प्राचीन'. बाकी चालू द्या.

माई_देसाई_आजरा

मुलांनो, मला टंकायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या. तीन वर्षांपूर्वी लेकीबरोबर दक्षिण इटलीतल्या बारीला गेले होते. जुन्या गावात एका कमानीखालच्या गल्लीत बायका दारापुढे पाट मांडून बसतात. रवा आणि पाणी मळलेलं, त्याची बोटाएवढी वळी. साध्या बोथट सुरीने वळीचा तुकडा कापायचा आणि त्याच झटक्यात पाटावर ओढायचा, तो वळतो, मग अंगठ्यावर उलटा करायचा. झालं छोटं कान. ओरेक्येत्ते म्हणतात, त्याचा अर्थच छोटे कान. बोलता बोलता चाललेलं, पाटाकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मी तिथेच उभी राहिले. लेक म्हणाली, आई, चल. कशी चलू? आमच्या लहानपणी लग्न ठरलं की आजी, काकू दुपारी बसायच्या गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे करायला. नखुले तर असेच, नखाने दाबून. आजीचा गव्हला जिऱ्याएवढा. रुखवतात मांडायचे, मग खीर. त्या बाईला मी खुणेने विचारलं, करू का? तिने सरकून जागा दिली. माझे चार कान झाले, तीन तिने नीट केले. पाचवा बघून मान हलवली. मग पुडी घेतलीच, पैसे मात्र पुरते घेतले हो.

हल्ली रुखवतात विकतचे गव्हलेही दिसत नाहीत.

ओसरीवरची

माई, 😍. लिहीत राहा, चुका आम्ही वाचतच नाही.

पार्मातला_पोस्टडॉक

चीजचा विषय निघाला म्हणून. पार्मिजानोचा एक गोळा चाळीस किलोच्या आसपास, त्याला पाचशे लिटरच्या वर दूध लागतं, आणि किमान १२ महिने फळीवर मुरतो. ह्या पट्ट्यातल्या गोठ्यांत ते दूध काढायला पहाटे कोण उठतं? पुष्कळ ठिकाणी पंजाबी माणसं. पो नदीच्या खोऱ्यात शीख कुटुंबं गेल्या काही दशकांत एवढी स्थिरावली की रेज्जो एमिलियाजवळ नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली उघडला. मी अधूनमधून लंगरला जातो. एक सरदारजी म्हणाले, घरी चीज किसायला पत्नीने खिसणी ठेवलीय, पण पराठ्यावर लोणीच.

अजून एक. २०२५ च्या डिसेंबरात दिल्लीला लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली, तिथे इटालियन स्वयंपाक अमूर्त वारशाच्या यादीत गेला आणि त्याच बैठकीत आपली दिवाळीही. बातमी आल्यावर प्रयोगशाळेत सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, मग सेलरी आधी घालायची की कांदा ह्यावर वाद सुरू झाला.

खादाड_खंडू

एक भोळा प्रश्न. स्पॅगेटी मोडून पातेल्यात घातली तर खरंच इटालियन माणूस चक्कर येऊन पडतो का?

नेपोलीचा_जावई

स्पॅगेटी मोडलीत तर हो. पण झीती नावाच्या लांब नळ्या आमच्याकडे हातानेच मोडतात, तीच रीत. रविवारी सकाळी टेबलावर मोठं फडकं, सगळे भोवती बसून कडाकड मोडतायत. बारीक तुकडे उडतात तेही टाकत नाहीत, रस त्यांनी दाट होतो. त्यावर जेनोव्हेझे : मांसाच्या दुप्पट कांदा, पाणी जवळपास नाही, पाच-सहा तास. नाव जेनोव्हाचं, पदार्थ नेपल्सचा. का, ते जेवताना कुणी विचारत नाही.

तर नियम 'मोडायचं नाही' असा नाही, 'आमच्या घरी जसं मोडतात तसंच मोडायचं' असा आहे.

कल्याणची_सून

बरं, विरोधी पक्ष एक पाऊल पुढे येतोय. सासूबाईंनी धागा वाचून काढला आणि फर्मान सोडलं की ते वाईट कापलेलं करून बघूच. पण अंडं त्यांना चालत नाही. मैदाही आमच्याकडे येत नाही. काय करू?

ओसरीवरची

अंड्याशिवायची रीत दक्षिणेतली, माईंनी सांगितली ती. रवा आणि कोमट पाणी. तिकडे ड्युरम गव्हाचा बारीक रवा वापरतात. तुमच्याकडे बन्सी रवा मिळेल, बन्सी म्हणजे ड्युरमच. जाडसर असेल तर मिक्सरमधून काढा. १०० ग्रॅम रव्याला ५० मिली पाणी, त्याहून जास्त मोह नको. सुरुवातीला विस्कटतं, मळत राहा, अर्ध्या तासाने सुधारतं. घेवड्याऐवजी चित्रा राजमा. सेलरी नसेल तर नसू दे. आणि राजमा शिजल्यावर अर्धाच घोटा, सगळा घोटलात तर आमटी होईल.

कल्याणची_सून

केलं! रवा-पाणी मळताना हात मोडून आला. लाटायला सासूबाई बसल्या, मला बाजूला सारून. त्यांनी शंकरपाळ्याच्या कातण्याने एकसारखे चौकोन कापले. मी म्हटलं आई, वाकडे हवेत. "वाकडं कापायला मला जमायचं नाही," म्हणाल्या. रोझमेरी ऑनलाइन मागवलेली वाळकी होती, तीन काड्या. ऑलिव्ह तेल वरून घातलं. सासरे दोन वाडगे जेवले आणि मग विचारलं, "फोडणी विसरलात का गं आज?" तिसऱ्या वाडग्यावर जिरं-लसणाची फोडणी पडली. फोटो डकवलाय, खंडोबा, आता फाऊल म्हणू नका.

खादाड_खंडू

फाऊल मागे. इनो घेतला.

ओसरीवरची

फोटो खाली जाऊन सिन्योराला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. चौकोन फारच नीट आहेत म्हणाली, आणि थोडे जाड. फोडणीचं सांगितलं तर तिला वाटलं मी आल्यो-ओल्योबद्दल बोलतेय, मग मीही तसंच राहू दिलं. कापणाऱ्या बाईंचं वय विचारलं. सासूबाई आहेत, सत्तरीच्या, असं म्हटल्यावर म्हणाली, त्यांना विचार, पोळी लाटताना खिडकी बंद ठेवतात ना? वारा लागला की कडा वाळतात.

@कल्याणची_सून, तेवढं विचारून सांग. रविवारी हिरवी लझान्या करायचीय, पालक आणून ठेवायला सांगितलाय तिने, तेव्हा उत्तर घेऊन खाली गेले तर बरं.